विकास आराखड्यावर खुली बैठक कशी घ्यावी?

प्रश्न : प्रारूप विकास आराखड्यावर प्रभागात खुली बैठक घ्यायची आहे. लोक तावातावाने बोलतात, पुढे काहीच होत नाही. काय करावे?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : प्रभागापुरता नकाशा मोठा छापून टेबलावर पसरा, भिंतीवर टांगला तर पुढचे दोघेच पाहतात. माणसाला आधी स्वतःचे घर बोटाने शोधू द्या, मग आरक्षणाचा रंग समजावून सांगा. प्रत्येकाचे म्हणणे गट क्रमांकासह तिथेच अर्जावर उतरवून सही घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात आणि कलम २८ खालची सुनावणी लेखी हरकत देणाऱ्यांचीच होते. म्हणून बैठक पहिल्याच आठवड्यात घ्या, आवक क्रमांकाची पोच जपून ठेवा.

बायकांसाठी दुपारची वेगळी वेळ ठेवाच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या पुनर्बांधणीत गावोगावी स्थानिक महिला ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या होत्या. घरदुरुस्तीची माहिती त्यांनीच उंबऱ्यापर्यंत नेली. पाणी कुठे तुंबते, नळ किती दिवसांनी येतो, हे बायकांना नेमके ठाऊक असते. त्यांच्या हरकतीही त्यांच्याच नावाने द्या.