धूम्रपान सोडताना निर्धार कसा टिकवावा?

(प्रायश्चित्तकाळासाठी चिंतन)

वाचन : करिंथकरांस पहिले पत्र ६:१९-२०, मत्तय २६:४०-४१



राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आपल्यापैकी काहीजण मनाशी ठरवतात, 'हे चाळीस दिवस बिडी-सिगारेटला हात लावायचा नाही.' पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके दुखते, चिडचिड होते, झोप लागत नाही. शनिवारपर्यंत मन म्हणू लागते, 'जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.' निर्धार खोटा नसतो. मग तो मोडतो का?

धुरातील निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूला त्याची सवय होते. ते मिळेनासे झाले की शरीर तक्रार करते. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो व साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे ज्या दिवशी आपण हार मानतो, तोच बहुधा सर्वांत कठीण दिवस असतो. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांची हीच दुर्बलता ओळखली होती. त्यांची इच्छा होती, पण देह थकला होता. म्हणून प्रभूने त्यांना जागृत राहून प्रार्थना करायला सांगितले.

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल शिकवतो. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २२९०) संयमाच्या सद्गुणाखाली तंबाखूच्या अतिरेकाचा उल्लेख आहे. प्रायश्चित्तकाळाची तीन साधने येथेही उपयोगी पडतात.

१. प्रार्थना : तलफ सहसा काही मिनिटांतच ओसरते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, चार पावले चालावे, रोझरीचे एक दशक म्हणावे. 'आयुष्यभर कसे जमेल?' हा विचार नको. आजच्या दिवसापुरती कृपा मागावी.

२. उपवास : डब्लिनचे पूजनीय मॅट टॅलबट (१८५६-१९२५) हे मजूर तरुणपणी दारूच्या पूर्ण आहारी गेले होते. १८८४ साली त्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली, ती फक्त तीन महिन्यांची. ती पाळल्यावर मुदत वाढवत त्यांनी जन्मभराची शपथ घेतली. मोह होऊ नये म्हणून ते खिशात पैसे ठेवत नसत. पुढे त्यांनी तंबाखूही सोडली. आपणही पाकीट, काडेपेटी व लायटर घरातून काढून टाकावेत. चहानंतर किंवा मित्रांच्या कट्ट्यावर सिगारेट ओढायची सवय असेल, तर काही दिवस ती वेळ व जागा टाळावी.

३. दानधर्म : सिगारेटचे वाचलेले पैसे रोज एका डब्यात टाकावेत व पुनरुत्थानाच्या सणाआधी गरजूंना द्यावेत. डबा जड होत जाताना आपला त्यागही दिसू लागतो.

फळ मिळायला चाळीस दिवसही थांबावे लागत नाही. वीस मिनिटांत हृदयाचे ठोके मंदावू लागतात. काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. घरातील मुलाबाळांच्या छातीत जाणारा धूर तर पहिल्याच दिवशी थांबतो.

आणि मध्येच एखादी सिगारेट ओढली गेली तर? पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. पण तो रडला आणि परतला. एक सिगारेट म्हणजे पराभव नव्हे. त्यानंतर उरलेले पाकीट संपवणे, हा मात्र पराभव आहे. पडलो त्याच क्षणी उठावे, पुढच्या राखेच्या बुधवारची वाट पाहू नये. अनेकांना पूर्णपणे सोडण्याआधी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागतात.

घरच्यांनीही ह्या दिवसांत टोमणे मारू नयेत. चिडचिड थोडी सोसावी, हाही एक उपवासच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम किंवा औषध घेण्यात कमीपणा नाही. शासनाच्या १८००-११-२३५६ ह्या मोफत दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

कुटुंबात विचार करण्यासाठी :
• मला सर्वात जास्त तलफ कोणत्या वेळी येते? त्या वेळी मी काय करीन?
• माझा निर्धार मी कोणाला सांगणार आहे?
• घरात कोणी व्यसन सोडत असेल, तर मी त्याला आधार देतो की त्याच्या पडण्याची वाट पाहतो?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू वाळवंटात चाळीस दिवस भुकेला राहिलास. व्यसनाशी झगडणाऱ्या आमच्या बांधवांना आजच्या दिवसापुरते बळ दे, आणि आम्हा सर्वांना त्यांच्यासोबत जागे राहण्याची कृपा दे. आमेन.