हुलगा, साखर आणि आपला रक्तगट

साखर म्हटले की आपल्याला मधुमेह आठवतो. परंतु आपला रक्तगट ए, बी की ओ हेसुद्धा साखरच ठरवते. ही साखर चहातली नव्हे, तर तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरची.

या पेशींवर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज ही साखर जोडली गेली की तिला ‘एच’ म्हणतात. एचवर गॅलॅक्टोज बसले तर गट बी, ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन बसले तर ए, दोन्ही असतील तर एबी. काहीच न बसता एच तशीच राहिली तर ओ.

ही साखर ओळखण्याचे काम प्रथिने करतात. प्रथिनाच्या घडीत एक खोबण असते. नेमक्या आकाराची साखर तिथे बसली की अनेक दुबळे बंध मिळून तिला घट्ट धरतात. ए आणि बी यांच्या टोकाच्या साखरेत एकाच जागी फरक असतो, पण तेवढ्यानेही पकड सुटते. आपल्या रक्तातील प्रतिद्रव्ये ही अशीच प्रथिने होत. परक्या साखरेच्या पेशी आल्या की ती त्यांना एकत्र बांधतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पेशी फुटतात. म्हणूनच चुकीच्या गटाचे रक्त जिवावर बेतते.

आपल्याकडे माडगे-पिठल्यासाठी वापरतात त्या हुलग्यातही असे प्रथिन आहे. ते ए गटाची साखर ओळखते, असे डॉ. बर्ड यांनी १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात दाखवले. ए गटाचे ए-१ आणि ए-२ हे उपप्रकार ओळखायला त्याचा अर्क रक्तपेढीत वापरतात. हुलगा खाताना मात्र भीती नको. नीट शिजवल्यावर हे प्रथिन निकामी होते.

आता महत्त्वाची गोष्ट. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की ज्यावर एचसुद्धा नव्हती. हाच ‘बॉम्बे रक्तगट’. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो. साध्या तपासणीत तो ओ भासतो, पण या व्यक्तीच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. त्यामुळे तिला ओ गटाचे रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचेच लागते. म्हणून केवळ पेशी नव्हे, तर रक्तद्रवही तपासावा लागतो. तो ओ पेशींच्या गुठळ्या करू लागला, की शंका घ्यावी.

हा गुण आई व वडील या दोघांकडून आला तरच प्रकट होतो. त्यामुळे मामाच्या किंवा आत्याच्या घरातील लग्नसंबंधात त्याची शक्यता वाढते. आईवडिलांपैकी एकाचा गट एबी असूनही मूल ओ भासू शकते. अशा वेळी कृपया त्या माउलीवर संशय घेऊ नका, आधी पुन्हा तपासणी करा.

लक्षात ठेवा:

१. कार्डावर गट लिहिलेला असला तरी रक्त चढवण्यापूर्वी क्रॉसमॅच झालाच पाहिजे.

२. घरात कोणाचा गट बॉम्बे निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या. प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता साधारण चारात एक असते.

३. अशा व्यक्तीने गटाची नोंद नेहमी जवळ बाळगावी, रक्तपेढीत नाव नोंदवावे आणि प्रकृती साथ देईल तेव्हा रक्तदान करावे. तिच्यासारख्या दुसऱ्या रुग्णाला तेच रक्त लागणार आहे.