व्यवसाय आणि शब्दसंपत्ती : मेंढी, लोकर, घोंगडी



प्रदेश बदलला की बोली बदलते, हे आपण जाणतोच. व्यवसायामुळेही भाषेत स्वतंत्र शब्दसमूह घडतो. त्यास व्यवसायबोली म्हणतात. मेंढपाळ धनगर आणि घोंगडी विणणारे सनगर यांच्या शब्दांवरून ही संकल्पना समजून घेऊ.

१. शब्दांतील भेद
मेंढा, मेंढी, मेंढरू ही मराठीतील तिन्ही लिंगांची एकत्र सापडणारी रूपे होत. परिचित शब्दांना व्यवसायात निराळा अर्थही लाभतो. शहरी वाचकास ‘वाडा’ म्हणजे चौसोपी घर वाटते. भटक्या धनगरांचा वाडा म्हणजे कुटुंबे, घोडी व मेंढरे यांसह चालता तळ. ‘जावळ’ हे जसे बाळाचे, तसेच कोकराचेही. या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीची घोंगडी विशेष मोलाची मानतात.

२. प्रक्रिया आणि क्रियापदे
दख्खनी मेंढीची लोकर साधारणतः वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजून सूत काततात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि खड्डामागावर घोंगडी विणतात. येथील प्रत्येक क्रियापद एकेका कौशल्याचे नाव आहे. ‘गाव पिंजून काढणे’ हा वाक्प्रचार पिंजण्याच्याच क्रियेवरून आला आहे.

३. वाक्प्रचारामागील अनुभव
रेंगाळलेल्या कामास आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. जाड लोकरीचे घोंगडे एकदा भिजले की लवकर वाळत नाही, हे ज्याने पाहिले, त्याला हा अर्थ शिकवावा लागत नाही. कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटवर वाढलेल्या पिढीला मात्र तो पाठ करावा लागतो. वस्तू मागे पडली तरी वाक्प्रचार काही काळ टिकतो. पण त्याचा अनुभवाशी असलेला सांधा निखळतो. ‘जावळाची घोंगडी’सारखे कारागिरीचे शब्द तर बहुधा मागासोबतच बंद पडतात, कारण मागाबाहेर त्यांचे काम नसते.

४. आपली जबाबदारी
तुमच्यापैकी काहींच्या घरी आजही मेंढरे असतील, किंवा आजोबांचा माग माळ्यावर पडून असेल. त्या घरातील शब्द ‘अशुद्ध’ म्हणून परीक्षेच्या मराठीपासून दूर ठेवू नका. प्रमाणभाषेत ज्यासाठी एकच शब्द आहे, तेथे कारागीर अनेक शब्द वापरतो. ही भाषेची उणीव नसून सूक्ष्मता आहे. ज्यांना हे शब्द वापरून ठाऊक आहेत, ती माणसे आज वृद्ध आहेत. म्हणून हे काम पुढील सत्रावर ढकलण्याजोगे नाही.

क्षेत्रीय कार्य
आपल्या परिसरातील एखाद्या मेंढपाळास वा कारागिरास भेटा. त्यांच्या संमतीने व्यवसायातील २० शब्द त्यांच्याच उच्चाराप्रमाणे लिहून घ्या. प्रत्येक शब्दापुढे लिंग, अर्थ आणि त्यांनी स्वतः बोललेले एक वाक्य नोंदवा. वाक्य सुधारू नका.