फोन ठेव, पत्र लिही

रत्नागिरी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

आंबा घाटाच्या चढावर गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, तेव्हा तुझ्या फोनवर मी चिडलो. एसटीच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या मामाला न दाखवता तू कोल्हापूरच्या डीलरकडून सेकंडहँड गाडी घेतलीस, याचा राग होता. असो.

टो करून आणलेली तुझी गाडी काल अंगणात उभी करून मॅट उचलली. स्टेपनीच्या खळग्यात बारीक गाळ आहे. सीटबेल्ट पूर्ण ओढला, तर शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ. सीटचे बोल्ट गंजलेत. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने गाडीचं पोट खालून गंजतं, पण हा वारा गालिच्याखाली शिरून गाळ ठेवून जात नाही! काचा मधेच अडकतात, डॅशबोर्डवरचे दिवे उगाच लागतात, तेही पाणी शिरल्याचंच लक्षण. वायरिंगच्या जोडांत पाणी गेलं की तिथे हिरवा गंज महिनोन्महिने चढत राहतो. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीच्या पाण्यात चिपळूणला किती गाड्या बुडाल्या, आठवतंय ना? 2019 ला कोल्हापूर-सांगलीत तेच. त्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नाहीत. तुझी त्यातली, असं शपथेवर नाही सांगणार. जुन्या मालकाची पॉलिसी मागव. त्यात नो क्लेम बोनस एकदम शून्यावर आलेला दिसला, तर आदल्या वर्षी बहुधा दावा झालाय.

डीलर म्हणतो, ‘जशी आहे तशी घेतलीत, सही केलीत.’ म्हणू दे. दोष ठाऊक असून लपवला असेल, तर नुसत्या सहीने तो सुटत नाही. पण तू रोज फोन करतोस आणि तो ‘बघतो साहेब’ म्हणतो, याची नोंद कुठे आहे? सगळं लेखी कर. तारखेनिशी बिघाड लिहून स्पीड पोस्टाने पाठव, पोचपावती जप. आणि इंजिन उघडण्याआधी त्रयस्थ गॅरेजकडून तपासणीचा कागद घे, फोटो काढ. मी हात लावला, तर तो म्हणेल, मामानेच बिघडवली. म्हणून पाना बाजूला ठेवलाय, हात शिवशिवतायत तरी.

उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदव, मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तू राहतोस त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, म्हणजे लांज्याहून कोल्हापूरच्या खेपा नकोत. गाडीला मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत दोन वर्षांची.

आरसी अजून तुझ्या नावावर नाही, हे मात्र मला सगळ्यांत खुपतंय. गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी हात वर करील. उद्या अपघात झाला तर भरपाईसाठी जुन्या मालकाला धरतील. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये तसंच म्हटलंय. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. तुझ्या डीलरकडे आहे का, विचार. मी तरुणपणी ओळखीच्याच्या शब्दावर जीप घेतली होती. दोन वर्षांनी आदल्या मालकाच्या थकलेल्या टॅक्सची वसुली दारात. तुझ्या मामीला हे अजून ठाऊक नाही, तू बोलू नकोस.

रविवारी एसटीने ये. येताना बिल, करार, पावत्या आणि डीलरचे सगळे मेसेज आण. डीलरला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी लिहून ठेवतो.

तुझा,
मामा