घरांतील पहारेकरी व त्याचा पत्ता

हल्लीं पुष्कळ घरांच्या दारावर लहानसा कॅमेरा बसविलेला दिसतो. तो भिंतीस टांगणें हें वायरमनचें काम. परंतु तो घरच्या नेटवर्कास नीट जोडणें हें वरच्या इयत्तेंतील मुलांसही समजण्यासारखें आहे. तें दुकानाच्या माणसावर सोंपवून घरचीं माणसें निर्धास्त होतात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

नेटवर्क म्हणजे यंत्रांचें जाळें. त्यांतील प्रत्येक यंत्रास एक पत्ता लागतो. त्यास आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५०. यांतील चार आंकड्यांपैकीं प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंतच असूं शकतो. कारण त्यास द्विमान पद्धतीचीं आठच स्थानें मिळतात, व दोहोंचा आठवा घात २५६ होतो. असे सर्व मिळून पत्ते सुमारें ४२९ कोटीच होतात; जगांतील यंत्रांस ते पुरत नाहींत. यास्तव कांहीं पत्ते खासगी वापरासाठीं राखलेले आहेत, व १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रांत ते नमूद आहेत. १९२.१६८ नें आरंभ होणारे सर्व पत्ते त्यांतलेच. प्रत्येक चाळींत ‘खोली नंबर ३’ असते, तरी टपाल चुकत नाहीं. तसाच हा प्रकार होय.

हे पत्ते घरांतील राउटर आपोआप वांटतो, परंतु मुदतीनें. मोबाईलचा पत्ता उद्यां बदलला तरी कोणाचें अडत नाहीं. पहारेकऱ्याचें तसें नाहीं. चित्रें सांठविणारें यंत्र त्यास जुन्या पत्त्यावर शोधतें. तेथें तो न सांपडला म्हणजे पडदा काळा होतो, व कॅमेरा बिघडला असें समजून लोक तो दुरुस्तीस नेतात! म्हणून त्याचा पत्ता कायम करावा. राउटर १९२.१६८.१.१ येथें असून १०० ते २०० हे शेवटचे आंकडे वांटीत असेल, तर कॅमेऱ्यास त्याबाहेरचा ५० द्यावा. नाहींतर तोच आंकडा दुसऱ्या यंत्रास मिळून दोघांचाही खोळंबा होईल. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० लिहावा, पहिले तीन आंकडे घरांत सर्वांचे समान आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गेटवे म्हणजे बाहेर जाण्याचें दार. तेथें राउटरचा पत्ता घालावा.

डीएनएसचा रकाना पुष्कळ लोक रिकामा ठेवतात. हा नांवावरून पत्ता सांगणारा वाटाड्या होय. तो नसला तर कॅमेऱ्यास वेळ सांगणारें दूरचें यंत्र नांवानें सांपडत नाहीं, व त्याचें घड्याळ चुकूं लागतें. आपली वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे, हेंही त्यास सांगावें लागतें. रात्रीं झालेल्या चोरीच्या चित्रावर दुपारचे तीन उमटले, तर पोलीस त्या पुराव्याचें काय करणार?

आतां मुख्य गोष्ट. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या दुष्ट प्रोग्रॅमनें कारखान्यांतून आलेले सुमारें ६० ठराविक नांव-पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले, व तेवढ्यावर जगांतील लाखों कॅमेरे व राउटर अंकित केले. त्यांच्याकरवीं २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील डाइन या कंपनीच्या डीएनएस यंत्रांवर असा मारा झाला कीं, अनेकांस ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं स्थळें कित्येक तास उघडेनात. असा कॅमेरा वरकरणीं नित्याप्रमाणें चालतो; मालकास आपला पहारेकरी दुसऱ्याचा चाकर झाला याचा पत्ताही नसतो.

म्हणून जोडणी होतांच प्रथम पासवर्ड बदलावा. तो लांब असावा व इतरत्र वापरलेला नसावा. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणजे राउटरच्या भिंतीस मुद्दाम पाडलेलें भोंक. तें पाडूं नये. ‘यूपीएनपी’ चालू असल्यास यंत्राच्या मागणीवरून राउटर तें आपण होऊनच पाडतो, तेव्हां तीही सोय बंद करावी. बाहेरगांवाहून घर पाहावयाचें असेल, तर व्हीपीएनचा आडमार्ग बरा. तें न जमल्यास कंपनीचें अ‍ॅप वापरावें, परंतु दुहेरी ओळख-तपासणी लावून. कंपनी नवा फर्मवेअर देईल तो घालीत जावा.

शेवटीं राउटर बंद करून पुन्हां लावावा, थोडा वेळ थांबावें, आणि ब्राउझरमध्यें १९२.१६८.१.५० लिहावें. कॅमेऱ्याचें पान उघडून त्यानें नवा पासवर्ड विचारला, म्हणजे जोडणी झाली.