मेजावरचा संगणक मांडीवर मावेल का?



शेतासाठी पंप घ्यायला गेलेला शेतकरी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, "किती अश्वशक्तीचा?" विहीर किती खोल आहे, पाणी किती लांब न्यायचे आहे, हा हिशेब त्याने घरीच केलेला असतो. आमच्या कोडोलीच्या पंचक्रोशीत ३ अश्वशक्ती पुरेल तेथे ५ चा पंप घेणारा आणि ५ लागेल तेथे ३ चा घेणारा, दोघांनाही कोणी शहाणे म्हणत नाही. पण हाच हिशेबी माणूस मुलासाठी लॅपटॉप घ्यायला गेला, की कंपनीचे नाव आणि खोक्यावरची चित्रे पाहून लाखभर रुपये मोजून मोकळा होतो! या लेखात आपण संगणकालाही पंपाचाच प्रश्न विचारणार आहोत. काम किती आणि शक्ती किती?

समजा, कोडोलीतील एक तरुण लग्नसमारंभांचे चित्रण करतो. त्याच्या घरी मेजावरचा संगणक, म्हणजे डेस्कटॉप आहे. त्यावर तो व्हिडिओचे संकलन करतो. नको तो भाग कापतो, तुकडे जोडतो, रंग व आवाज सुधारतो. आता त्याला बाहेरगावची कामे येऊ लागली आहेत. जुना संगणक विकावा, वर थोडे कर्ज काढावे आणि एक जोरदार लॅपटॉप घ्यावा, असे त्याच्या मनात आहे. चूक झाली तर कर्जाचे हप्ते चालू राहतील आणि ऐन लग्नसराईत काम अडेल. त्याने काय करावे?

वारणेकाठचा धडा

संगणक बदलण्याचा एक बोलका प्रयोग आपल्याच परिसरात होऊन गेला आहे. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने वारणानगरच्या भोवतालची सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाचे वजन, खताचा हिशेब अशी माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन शाखेच्या संशोधकांनी त्यांपैकी ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल फोन आणि लघुसंदेश वापरून तेच काम होते का, हे त्यांनी पाहिले. काम सगळे झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक सोयीची वाटली.

यातून मोबाईल संगणकापेक्षा श्रेष्ठ ठरतो काय? मुळीच नाही. संशोधकांनी यंत्राचा मोठेपणा पाहिला नाही. यंत्राकडून प्रत्यक्षात कोणते काम घेतले जाते ते पाहिले. आपणही तसेच करू.

व्हिडिओचे ओझे किती?

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३२ साली तिचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट पडद्यावर आला. त्या काळी संकलकाच्या हाती खरीखुरी फीत असे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात आणि बोलपटात सेकंदाला २४ चित्रे लागतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फीत! फीत उजेडासमोर धरली की चित्र दिसे. कात्रीने कापावे आणि चिकटवावे. त्यात गणिताचे काम नव्हते.

आजचे चित्र आकड्यांत साठवलेले असते. 'फोर-के' नावाच्या चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० चित्रबिंदू असतात. एकूण ८२,९४,४०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर एका चित्राला सुमारे २४.९ मेगाबाइट जागा लागते. सेकंदाला २५ चित्रे धरली तर,

२४.९ × २५ = सुमारे ६२२ मेगाबाइट दर सेकंदाला.

तासाभराच्या चित्रणाला २,२०० गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. एवढे साठवणे परवडणारे नाही. म्हणून कॅमेरा एक युक्ती करतो. मांडवात वधूवर उभे आहेत. मागचा पडदा, फुलांच्या माळा हलत नाहीत. मग कॅमेरा एक चित्र पूर्ण नोंदवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच टिपतो. वहीत आरंभीची शिल्लक लिहून पुढे केवळ जमाखर्च मांडावा, तसेच हे आहे. २००३ साली ठरलेली 'एच.२६४' आणि २०१३ साली ठरलेली 'एच.२६५' या पद्धती याच तत्त्वावर चालतात. कॅमेऱ्याने सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ मेगाबाइट नोंदवले, तर तासाचे ४५ गिगाबाइट होतात. ओझे पन्नासपट हलके झाले.

पण याची किंमत संकलनाच्या वेळी मोजावी लागते. मधल्याच एका चित्रावर बोट ठेवले, तर संगणकाला मागचे पूर्ण चित्र शोधून तेथपासूनचा सगळा जमाखर्च पुन्हा मांडावा लागतो. संकलन करताना संगणक अडखळतो तो बहुधा येथे.

या कामासाठी प्रोसेसरमध्ये खास मंडले बसवता येतात. इंटेल कंपनीने २०११ पासून आपल्या अनेक प्रोसेसरांत ती दिली. त्यामुळे कधीकधी नवा मध्यम लॅपटॉप जुन्या दणकट डेस्कटॉपपेक्षा संकलनात सरस ठरतो. मात्र आपला कॅमेरा ज्या पद्धतीने नोंद करतो, ती पद्धत त्या मंडलांना यायला हवी. दुकानात जाण्यापूर्वी हे पाहून ठेवावे.

अर्ध्या वॅटमध्ये किती वेग?

आता शक्तीकडे वळू. प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. त्यासाठी लागणारी शक्ती, गळतीचा भाग सोडला तर, अशी मांडता येते:

शक्ती = स्थिरांक × (विद्युतदाब)² × वारंवारता

वेग वाढवायचा म्हणजे वारंवारता वाढवायची, आणि त्यासाठी दाबही वाढवावा लागतो. उलट वेग कमी केला, की कमी दाबावर भागते. समजा, दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले. मग शक्ती होईल ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२ पट. म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी झाली, पण वेग मात्र ८० टक्के उरला!

लॅपटॉपचे सारे रहस्य या एका गुणाकारात आहे. डेस्कटॉप २४० वॅट घेऊन जे काम १ तासात करील, ते तशाच रचनेचा लॅपटॉप १२० वॅटमध्ये सव्वा तासात करील. वीजही कमी लागेल. डेस्कटॉपला २४० वॅट-तास, तर लॅपटॉपला १५०. शेवटचा थोडासा वेग हाच सर्वांत महाग असतो. अर्थात दाब हवा तितका कमी करता येत नाही, म्हणून हे गणित एका मर्यादेपर्यंतच खरे.

उष्णता जाते कुठे?

संगणकात शिरलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णता होते. ती बाहेर न गेल्यास तापमान वाढत जाते आणि सुमारे १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. डेस्कटॉपच्या पेटीत मोठे पंखे व धातूच्या रुंद पात्या मावतात. लॅपटॉपच्या दोन-अडीच सेंटिमीटर जाडीत त्या मावणार कशा?

बाहेर जाणारी उष्णता ही आतील व बाहेरील तापमानांच्या फरकाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहात. समजा, आतील तापमान ९५ अंश आणि खोलीचे २५ अंश; फरक ७० अंश, आणि तेवढ्यावर १२० वॅट बाहेर पडतात. वैशाखात खोली ३९ अंशांवर गेली तर फरक उरतो ५६ अंश. मग बाहेर पडतील १२० × ५६ ÷ ७० = ९६ वॅट. शक्ती २० टक्क्यांनी घटली. पण वरचे सूत्र आठवा: ०.९३ चा घन सुमारे ०.८ येतो. म्हणजे वेग घटेल तो केवळ ७ टक्के. उन्हाळ्याची फार धास्ती नको! मात्र लॅपटॉप गादीवर ठेवून झरोके बुजवले किंवा आत धूळ साचली, तर उष्णतेची वाट निम्मी होते आणि वेग २० टक्क्यांनी खाली येतो. टेबलाचा कठीण पृष्ठभाग आणि वेळच्या वेळी सफाई, ही फुकटातली वेगवाढ आहे.

नाव एक, यंत्रे दोन

येथे पुष्कळांची फसगत होते. एनव्हिडिया कंपनीचा आरटीएक्स ४०७० हा चित्रांचे गणित करणारा संच २०२३ साली आला. डेस्कटॉपसाठीच्या संचात ५८८८ गणनकेंद्रे आणि १२ गिगाबाइट स्मृती आहे. तो २०० वॅटपर्यंत वीज घेतो. त्याच नावाच्या लॅपटॉप संचात गणनकेंद्रे ४६०८, स्मृती ८ गिगाबाइट आणि शक्ती ३५ ते ११५ वॅट, लॅपटॉप बनवणारा ठरवील तेवढी! म्हणून एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर त्यांच्या शक्तीत तिपटीचाही फरक असू शकतो.

हे ओळखण्याची खूण शालेय पुस्तकातलीच आहे. विजेच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. २० व्होल्ट व ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. २० व्होल्ट व ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॅट. ६५ वॅटचा ॲडॉप्टर असलेल्या यंत्रात शंभर वॅटचा गणनसंच पूर्ण जोराने सतत चालणे शक्य नाही. जाहिरात काहीही सांगो, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडत नाही.

स्मृती, साठवण आणि बॅटरी

फोर-के चित्रे उलगडून ठेवायला ८ गिगाबाइट मोकळी स्मृती दिली, तरी तीत सुमारे ३२० चित्रे, म्हणजे १३ सेकंदच मावतात. म्हणून अशा कामाला १६ गिगाबाइट ही किमान आणि ३२ ही सोयीची रॅम समजावी. काही लॅपटॉपमध्ये रॅम कायमची डाखलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. डेस्कटॉपमध्ये ती सहसा केव्हाही वाढवता येते. जुना संगणक विकण्याआधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

एका लग्नाचे ४ तासांचे चित्रण १८० गिगाबाइट भरेल. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला १२० मेगाबाइट नोंदवत असेल, तर एक प्रत करायला २५ मिनिटे लागतात. एसएसडीत फिरता भाग नसतो आणि तिचा वेग कितीतरी पट अधिक असतो. पण प्रत एकच ठेवू नये. लॅपटॉप पडतो, हरवतो. लग्न मात्र पुन्हा लागत नाही! दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर हवीच.

वीज गेली तर? बॅटरी आहेच, असे आपण म्हणतो. विमानात विशेष परवानगीवाचून १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही सहसा त्याच्या आतच असते. ९९ वॅट-तास भागिले १२० वॅट म्हणजे सुमारे ५० मिनिटे. आपले सव्वा तासाचे काम तीवर पुरे होणार नाही. शिवाय बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप आपली शक्ती आखडती घेतात.

मग घ्यावे काय?

आपल्या तरुणाने आधी बिनखर्चाचा उपाय करावा. फोर-के चित्रणाची १२८० × ७२० बिंदूंची लहान प्रत काढावी. तिच्यात बिंदू नवव्या हिश्शाने असतात. सगळी कापाकापी या प्रतीवर करावी आणि शेवटची चित्रफीत मूळ चित्रणातून काढावी. या प्रतीला 'प्रॉक्सी' म्हणतात. वर्गातली प्रॉक्सी वाईट, पण ही मात्र फार उपयोगाची! एवढ्याने आणि एका एसएसडीने जुना संगणक सुरळीत चालू लागला, तर कर्ज कशाला?

पण गिऱ्हाइकासमोर बसून संकलन करावे लागत असेल, बाहेरगावी मुक्काम पडत असेल, तर लॅपटॉप जरूर घ्यावा. तासाला पंधरा मिनिटे जादा देऊन फिरण्याची मोकळीक मिळते. हा व्यवहार वाईट नाही. मात्र घेण्यापूर्वी आपले चित्रण दुकानात न्यावे, अर्धा तास सलग काम चालवावे आणि पहिल्या ५ मिनिटांत व शेवटच्या ५ मिनिटांत किती चित्रे तयार झाली ते मोजावे. पहिला आकडा जाहिरातीचा असतो. आपल्याला घरी मिळणार तो दुसरा. आणि जमल्यास पहिला मोसम पार पडेपर्यंत जुना संगणक विकू नये.

करून पाहा

१. घरातील किंवा शाळेतील लॅपटॉपच्या ॲडॉप्टरवरील व्होल्ट व अँपिअर वाचून वॅट काढा. ते किती अश्वशक्ती होतात? (१ अश्वशक्ती = ७४६ वॅट)

२. १९२० × १०८० बिंदूंच्या चित्रणाला, न आवळता, सेकंदाला २५ चित्रांसाठी किती मेगाबाइट लागतील? फोर-केच्या तुलनेत हे किती पट?

३. वारंवारता आणि दाब दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर शक्ती किती टक्क्यांनी वाढेल? एवढी उष्णता बाहेर टाकायला खोलीचे तापमान ३९ अंशांवरून किती अंशांवर आणावे लागेल? (आतील तापमान ९५ अंशच धरा.)