हेल्मेटचा पट्टा आणि संध्याकाळची वेळ

१ जुलै २०२३ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ जण गेले. तेव्हापासून ‘समृद्धीनं जाऊ का?’ असं माझे रुग्णही विचारतात. त्यांची भीती रास्त आहे. रात्री एकसुरी रस्त्यावर चालकाचा डोळा लागतोच. पण रोजचा धोका घराच्या जास्त जवळ आहे. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर दगावली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान झाले. नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगण्याहून कामावरून परतायची हीच वेळ.

चांगलं हेल्मेट डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी करतं. मात्र पट्टा लावलेला हवा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट माणूस पडण्याआधीच उडून जातं. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्यानं बंधनकारक आहे, तरी आपल्याकडे नवरा हेल्मेटमध्ये आणि बायको उघड्या डोक्यानं, हे सर्रास दिसतं. मला ते पाहवत नाही. नागपूरच्या उन्हात आत पातळ सुती रुमाल बांधा, पण मागे जाड गाठ मारू नका. तिच्यामुळे हेल्मेट सैल बसतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. पडलेला माणूस उठतो, ‘काही नाही झालं’ म्हणत घरी जातो, जेवतोही. दरम्यान कवटीच्या आत रक्त साकळत असतं आणि काही तासांनी तो बेशुद्ध होतो. म्हणून डोक्याला मार लागल्यावर किमान २४ तास सोबत कुणीतरी हवं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बरळणं, गुंगी, एक हात किंवा पाय लुळा पडणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणं, यांतलं एकही दिसलं की नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या ट्रॉमा सेंटरला किंवा सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणांची वाटच पाहू नका. दारू प्यायलेल्याची गुंगी दारूचीच आहे, असंही गृहीत धरू नका.

रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर १०८ला फोन करा. पाणी पाजू नका, हेल्मेट ओढून काढू नका, वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. पोलिसांच्या लफड्याला घाबरून निघून जाऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं, ते मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. तुमच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.